मूळ राहणार रिसोड, हल्ली मुक्काम…
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलायला सांगितले होते. पण त्यावर तुम्ही मोबाईलवर रोज ऐकताच, आणि मी ऑफिसात रोज ऐकते. गावात आल्यावरही तेच बोलायचे, तर यायचे कशाला? म्हणून मी त्यांची परवानगी घेऊन विषय बदलला. आज मी एका आडनावाबद्दल बोलणार आहे. ते आडनाव आहे 'रिसोडकर'.

जरा आठवून पाहा. आपल्या वर्गात कोणी रिसोडकर होते का? गल्लीत? आठवडी बाजारात एखाद्या दुकानाच्या पाटीवर? मला तरी आठवत नाही, आणि त्यात नवल काहीच नाही. 'कर' हा प्रत्यय गाव सोडल्यावर लागतो. अकोल्यात राहणाऱ्याला अकोलकर म्हणून ओळखायचे कारण नसते, तिथे सगळेच अकोल्याचे. तो दुसरीकडे गेला की तिथले लोक विचारतात, कुठले हो तुम्ही? त्या उत्तराचे पुढे आडनाव होते.

माझ्या आजीचे, म्हणजे वडिलांच्या आईचे, माहेरचे आडनाव रिसोडकर. तिचे माहेर पैनगंगेपलीकडचे, आजच्या सेनगाव तालुक्यातले एक खेडे. तेव्हा नदीच्या त्या अंगाला निजामाचे राज्य, आपले लोक त्याला मोगलाई म्हणत. अलीकडे वऱ्हाड, जे १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या ताब्यात आले होते. १९४७ साली, रझाकारांच्या धामधुमीत, आजीचे लग्न घाईने उरकले आणि ती नदी ओलांडून रिसोडला सून म्हणून आली. शेजारणी तिला चिडवायच्या, "माय वं, रिसोडात आली अन् रिसोडकर गेलं!" आजी स्वतःही ते हसून सांगायची. त्या वाक्यात एक मोठा प्रश्न आहे, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आले. ज्या घराला मोगलाईत रिसोडकर म्हणत, ते घर कधीतरी इथूनच तिकडे गेले असणार. मग इथे असताना त्यांचे आडनाव काय होते?

हा प्रश्न माझ्या मनात पडला तो इंग्लंडात. शेगावला इंजिनिअरिंग करून मी नोकरीला लागले आणि मधली दोन वर्षे कंपनीच्या कामाने लीड्स शहरात होते. तिथे शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचे आडनाव अगदी दुर्मीळ होते. ते मी इथे सांगत नाही, कारण इतके दुर्मीळ आडनाव सांगितले की माणूसच सापडतो. जेवणाच्या सुट्टीत तो त्या आडनावाचा माग काढत बसायचा, आणि मी बघत बसायची.

त्यांच्याकडे १८०१ पासून दर दहा वर्षांनी जनगणना होते. १८४१ पासून प्रत्येक माणसाचे नाव नोंदलेले आहे. १८५१ पासून कुटुंबप्रमुखाशी नाते, नेमके वय आणि जन्म कोणत्या पॅरिशमधला, तेही लिहिलेले असते. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गाव-परिसर. शंभर वर्षे झाली की या वह्या लोकांना पाहायला खुल्या होतात. १९२१ ची जनगणना २०२२ च्या जानेवारीत खुली झाली. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या सगळ्या वह्या तर केव्हाच संगणकावर आल्या आहेत. आडनाव दुर्मीळ असेल तर काम उलट सोपे होते. आपला माणूस हजारो स्मिथांच्या गर्दीत हरवत नाही. माझा सहकारी १९११ पासून दहा-दहा वर्षे मागे गेला. जन्मस्थळाचा रकाना जोडत जोडत त्याची सगळी घरे यॉर्कशायरच्या एका खोऱ्यातल्या दोन-तीन पॅरिशांपाशी येऊन थांबली. अशा एकेका आडनावाचा अभ्यास करणाऱ्यांची 'गिल्ड ऑफ वन-नेम स्टडीज' नावाची संस्थाही तिकडे १९७९ पासून आहे.

मला वाटले, आपणही करू. १८८१ साली इंग्लंडात ३ एप्रिलला जनगणना झाली. त्याच वर्षी १७ फेब्रुवारीला हिंदुस्थानात झाली, आणि वऱ्हाडातही झाली. किंबहुना वऱ्हाडची पहिली शिरगणती त्याच्याही आधीची, १८६७ ची. म्हणजे आपली माणसे मोजली गेली होती. पण छापून आले ते तक्ते: जिल्ह्यात माणसे किती, कोणत्या जातीचे किती, कोणत्या धंद्याचे किती. माणसांची नावे त्यात नाहीत. पुढे १९४८ च्या जनगणना कायद्याने वैयक्तिक नोंदी पाहायला देण्यास मनाई केली. माहिती गुप्त राहील म्हणून लोक खरे सांगतात, त्यामुळे त्या कायद्यामागचा हेतू चांगलाच आहे. पण त्याचा परिणाम असा की यॉर्कशायरच्या शेतमजुराचे नाव मला पुण्यात बसून वाचता येते आणि माझ्या पणज्याचे येत नाही.

मग आपल्याकडे माणसाचे नाव कुठे लिहिलेले असते? मी शोधायला लागले तेव्हा लक्षात आले की पुष्कळ ठिकाणी असते, फक्त एका जागी नसते. पहिली जागा कोतवाल बुक. गावातले जन्म-मृत्यू कोतवालाच्या वर्दीवरून नोंदले जात, ती जुनी बुके तहसीलच्या अभिलेख कक्षात आहेत. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचे काम सुरू झाल्यापासून कोतवाल बुक आणि मोडी लिपी हे शब्द घराघरांत पोचले. दुसरी जागा शेतीचे कागद. वऱ्हाडात आपले, पलीकडे मराठवाड्यात सेतवार आणि १९५४ चे खासरा पाहणी पत्रक. तिसरी जागा खरेदीखते, गहाणखते. चौथी, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. आणि पाचवी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर.

आता थोडे माझ्या धंद्याचे बोलते, कंटाळू नका. नावे शोधताना सगळ्यात मोठी अडचण म्हणजे तेच नाव दहा तऱ्हांनी लिहिलेले असते. अमेरिकेत रॉबर्ट रसेल नावाच्या गृहस्थाने १९१८ साली यावर एका युक्तीचे पेटंट घेतले. तिला साउंडेक्स म्हणतात. नावाचे पहिले अक्षर ठेवायचे, स्वर टाकून द्यायचे, आणि सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. मग स्मिथ आणि स्मायथ एकाच खणात पडतात. पुढे तिकडच्या जनगणनेच्या सूच्याही या पद्धतीने केल्या गेल्या.

ही युक्ती मराठीला जशीच्या तशी चालत नाही. आपले घोटाळे वेगळे आहेत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत आणि दोन शब्दांत जागाही सोडत नाहीत. इंग्रजांना 'ड' धड ऐकूच येत नसे, म्हणून बडोद्याच्या गायकवाडांचे त्यांनी 'गायकवार' केले. आणि आपले वऱ्हाडी कान! आपण 'ण'चा 'न' करतो, 'ळ'चा 'य' करतो. डोळ्याचा डोया आणि केळीची केयी करणारा माणूस आडनाव सांगेल तेव्हा लिहिणारा काय लिहिणार? म्हणून मी सुट्टीच्या दिवशी बसून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्यात ऱ्हस्व-दीर्घ एक, ड आणि र एक, न-ण एक, श-ष-स एक, ळ-ल-य एक, आणि शेवटचा 'कर' सुटा. आमच्या व्याकरणाच्या बाईंनी पाहिला असता तर मला वर्गाबाहेर उभे केले असते. पण तो चालतो.

प्रोग्रॅम चालला तरी कागद पायी फिरूनच मिळवावे लागले. तीन वर्षांच्या सुट्ट्या त्यात गेल्या. काय मिळाले ते क्रमाने सांगते.

पहिला पुरावा घरातच होता. आजीला लग्नात मिळालेली पितळी घागर. तिच्या काठावर ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत तिच्या वडिलांचे नाव आहे, शेवटी रिसोडकर, आणि सन १९४७. पूर्वी भांड्यांवर नाव घालायचे, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

दुसरा पुरावा त्र्यंबकेश्वरला मिळाला. तीर्थोपाध्यायांनी दोनच प्रश्न विचारले: आडनाव काय आणि मूळ गाव कोणते. त्यांच्या वहीत आजीच्या वडिलांनी येऊन लिहवून ठेवलेली पिढ्यांची यादी होती. बाप, आजा, चुलते, भाऊ. आणि वर 'मूळ रिसोड'.

तिसरा पुरावा १९२० नंतरच्या एका खरेदीखतात. त्यात आजीच्या आजोबांच्या नावापुढे आडनावच नाही. लिहिले आहे, 'जात सुतार, धंदा सुतारकी, मूळ राहणार रिसोड, हल्ली मुक्काम' आणि पुढे त्या खेड्याचे नाव. १९५४ च्या खासरा पत्रकात मात्र त्याच घराच्या नावापुढे स्वच्छ रिसोडकर आहे. म्हणजे आजोबांच्या कागदावरचा पत्ता नातवंडांच्या पिढीत आडनाव होऊन बसला.

आणि चौथा पुरावा रिसोडच्या कोतवाल बुकात. मोडी वाचणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना सोबत घेऊन मी पाने पाहिली. त्र्यंबकच्या यादीतला बाप, मुलगा, भाऊ ही तिन्ही नावे इथे एकमेकांशी जुळली. नोंद अशी: अमुक वल्द तमुक, जात सुतार. वल्द म्हणजे मुलगा, अमक्याचा तमका. आडनावाची जागा नाहीच.

मी कितीतरी दिवस त्यांचे 'खरे' आडनाव शोधत होते. ते नव्हतेच. गावात सुताराचे घर म्हटले की पुरे होत असे. तिफण मोडली, वखर दुरुस्त करायची, बैलगाडीचा आरा निखळला, की कोणाकडे जायचे ते सगळ्यांना ठाऊक. खळ्यावर त्याला बलुते मिळायचे. आमच्या घरात सांगतात की मोठ्या दुष्काळात ते घर उठले. १८९९-१९०० चा तो दुष्काळ वऱ्हाडावर किती भारी पडला ते जनगणनेच्या तक्त्यांतही दिसते. १८९१ साली वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती, ती १९०१ मध्ये साडेसत्तावीस लाखांवर आली. खळेच रिकामे, तर सुताराला बलुते कोण देणार? तो किकरे-वाकस पाठीवर घेऊन नदी ओलांडून गेला. पलीकडच्यांनी विचारले, कुठले हो तुम्ही?

आडनावाबद्दल मी तुम्हाला सांगू इच्छिते ते इतकेच. आपण समजतो की आडनाव रक्तातून येते. पुष्कळ घरांत ते कागदातून आले आहे. शाळा, कोर्ट, तलाठी यांनी रकाना आखला, आणि तो भरण्यासाठी कोणी गाव सांगितले, कोणी धंदा, कोणी मान, कोणी टोपणनाव. आपल्याच तालुक्यात मांगूळ झनक आणि शेलू खडसे आहेत, तिथे उलट गावाच्या नावाला आडनाव चिकटले आहे. जे कोणी लिहिले ते टिकले. जे लिहिले नाही ते गेले.

आणि काय लिहिले नाही, ते आता ऐका. त्या चारही पुराव्यांत माझी आजी नाही. कोतवाल बुकात त्या घरी मुलगी जन्मल्याची नोंद आहे, तिथे फक्त 'स्त्री'. बारशाच्या आधीच वर्दी दिली जाई, त्यामुळे मुलग्याचेही तसेच व्हायचे. पण मुलगा पुढे सातबाऱ्यावर, खरेदीखतात, मतदार यादीत बापाचे नाव घेऊन पुन्हा भेटतो. मुलगी लग्न होऊन जाते, आडनाव बदलते, आमच्या आजीसारखे कित्येकींचे पहिले नावही बदलते, आणि पुढच्या कागदात ती येते ती 'जौजे अमुक', अमक्याची बायको. नवरा गेला की 'बेवा अमुक'. माझा प्रोग्रॅम ड आणि र एक करू शकतो. पण ज्या बाईचे नाव, गाव आणि आडनाव एकाच दिवशी बदलले, तिला तो जोडणार कशाने? इंग्लंडातही बायकांचा माग इथेच तुटतो. पण त्यांच्याकडे जन्मगावाचा रकाना तरी असतो. आमच्या आजीसाठी एक घागर होती, आणि तिच्यावरही नाव बापाचेच.

आता हे सगळे मी आज, इथे का सांगते आहे?

या मेळाव्यासाठी आपल्या १९९६ च्या तुकडीची यादी करायचे काम माझ्याकडे आले. मुलगे शोधायला फार दिवस लागले नाहीत. नाव तेच, आडनाव तेच, फेसबुकवर टाकले की कोणी नाशिकला, कोणी सुरतेला, कोणी इथेच मेन रोडला. मुलींच्या बाबतीत मात्र मला पुन्हा कोतवाल बुकासारखेच काम करावे लागले. हेडसरांनी दाखल-खारीज रजिस्टर काढून दिले, त्यांचे मनापासून आभार. त्यात आपले नाव, वडिलांचे नाव, जन्मगाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. (ती जन्मतारीख पाहून मी एकटीच हसत होते. आपल्या वर्गातल्या कितीजणांचा वाढदिवस १ जूनला येतो! गुरुजींनी प्रवेशाच्या दिवशी अंदाजाने लिहून टाकलेली तारीख, आणि आज पेन्शनपासून पासपोर्टपर्यंत तीच चालते. इंग्रजांचेही तसेच होते बरं. १८४१ च्या त्यांच्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्या माणसांची वये पाचाच्या पटीत खाली ओढून लिहायला सांगितली होती.)

रजिस्टरातले गाव आणि वडिलांचे नाव घेऊन आम्ही निघालो. रिठद, केनवड, मोप, वाकद. एक मैत्रीण तिच्या भावाच्या किराणा दुकानातून सापडली. एक तिच्या मामांकडून. एकीला मी तीन महिने शोधत होते. ती पुण्यात माझ्या घरापासून दोन बसस्टॉपवर राहते, दुसऱ्या नावाने, दुसऱ्या आडनावाने. आज ती पहिल्या रांगेत बसली आहे आणि आत्ता डोळे पुसते आहे.

आणि एकीचा पत्ता लागला तेव्हा कळले की ती २००९ सालीच गेली. तुम्हा सगळ्यांना कळले आहे मी कोणाबद्दल बोलते आहे. गणितात ती माझ्या पुढे असायची. तिच्या निधनाची बातमी पेपरात आली होती, सासरच्या नावाने. आपल्यापैकी काहींनी ती वाचलीही असेल, आणि पान उलटले असेल. कोणाचाच दोष नाही. पण सोळा वर्षे आपण तिच्यासाठी दोन मिनिटे उभेसुद्धा राहिलो नाही, कारण तिची दोन नावे एका ओळीत कुठेच लिहिलेली नव्हती.

म्हणून माझी दोन मागणी आहेत. पहिली संपादक मंडळाकडे. स्मरणिकेत जी यादी छापाल तिच्यात प्रत्येक मुलीचे शाळेतले नाव आधी आणि आजचे नाव पुढे, अशी दोन्ही द्या. श्रद्धांजलीच्या पानावर तर नक्कीच. आजी-आजोबांच्या काळातला रकाना आपल्या हातात नव्हता. हा आपल्या हातात आहे. राज्य सरकारनेही १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लावणे आवश्यक केले आहे. म्हणजे रकाना बदलता येतो.

दुसरी मागणी तुम्हा सर्वांकडे. घरी गेल्यावर एक वही घ्या. आई, दोन्ही आज्या, आणि आठवत असतील तर पणज्या. प्रत्येकीचे माहेरचे पहिले नाव, माहेरचे आडनाव, गाव. एवढेच, प्रत्येकीची एक ओळ. ज्यांच्या आज्या हयात आहेत त्यांनी हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नका. आमच्या आजीचे माहेरचे पहिले नाव मला तिच्या धाकट्या बहिणीने सांगितले, आणि त्यानंतर त्या महिनाभरच होत्या.

आपल्यापैकी बहुतेकजण आता बाहेरगावी आहोत. पत्त्यावर पुणे असेल, हैदराबाद असेल, कोणाच्या न्यू जर्सी असेल. पण त्या खरेदीखताच्या भाषेत सांगायचे तर आपण सगळे 'मूळ राहणार रिसोड, हल्ली मुक्काम अमुक'. गावात राहणाऱ्यांना हे आडनाव लागत नाही, ते आपल्यालाच लागते. माझ्या आजीचे ते लग्नाच्या दिवशी पुसले गेले होते. या स्मरणिकेत माझ्या नावापुढे कंसात तिचे माहेरचे नाव छापावे, अशी मी संपादकांना विनंती केली आहे, आणि त्यांनी ती मान्य केली आहे.

गुरुजनांनी लिहायला शिकवले, त्याचा असा उपयोग होईल असे तेव्हा वाटले नव्हते.

(दहावी, १९९६. मूळ रा. रिसोड, ह. मु. पुणे)